जेनिफर : मावळलेल्या भाषेने जगाला दिलेले एक नाव

१/ २० नोव्हेंबर १९०६. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘द डॉक्टर्स डिलेमा’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नायिकेचे नाव होते जेनिफर ड्युबेडाट. आजच्या प्रेक्षकाला या नावात काहीच विशेष वाटणार नाही. पण त्या काळच्या लंडनकरांना ते इतके अनोळखी होते, की शॉ यांना नाटकातच त्याचा खुलासा करावा लागला. नायिका सांगते, की ती मूळची कॉर्नवॉलची आहे आणि इतर लोक ज्याला ‘ग्विनिव्हियर’ म्हणतात, तेच हे नाव.

२/ त्यानंतर ६४ वर्षांनी, १९७० साली, अमेरिकेत जन्मलेल्या मुलींना सर्वाधिक दिले गेलेले नाव ‘जेनिफर’ होते. १९८४ पर्यंत, म्हणजे सलग १५ वर्षे, ते पहिल्या क्रमांकावरून हलले नाही. १९७० च्या दशकात एकट्या अमेरिकेत सुमारे ५ लाख ८० हजार मुलींची नोंद या नावाने झाली. ज्या भाषेने या नावाला हे रूप दिले, ती कॉर्निश भाषा मात्र तोपर्यंत रोजच्या बोलण्यातून कधीच नाहीशी झाली होती.

३/ भाषा गेली आणि तिचे एक नाव जगभर पोचले, हे कसे घडले? त्यासाठी सुरुवात करावी लागते ती केल्टिक भाषांच्या कुळापासून. या भाषा इंडो-युरोपीय परिवारातल्या, म्हणजे संस्कृत आणि मराठीच्या दूरच्या नातलग. आज त्यांच्या दोन शाखा दिसतात. एका शाखेत आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि मँक्स. दुसऱ्या शाखेत वेल्श, ब्रेटन आणि कॉर्निश.

४/ या दोन शाखांमध्ये ध्वनींचे काही नियमित फरक आहेत. जुन्या केल्टिकमधला शब्दारंभीचा ‘व’ आयरिशमध्ये ‘फ’ झाला आणि वेल्शमध्ये ‘ग्व’ किंवा ‘ग’ झाला. पुरुष या अर्थाचा आयरिश शब्द ‘फेर’, वेल्श शब्द ‘गूर’. लॅटिनमध्ये तोच ‘विर’ आणि संस्कृतात ‘वीर’. चारही शब्द एकाच मुळाचे आहेत.

५/ दुसरा नियम मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटेल. आयरिशमध्ये जिथे शब्दारंभी ‘स’ टिकला, तिथे वेल्शमध्ये अनेकदा ‘ह’ आला. मीठ म्हणजे आयरिश ‘सालन’, वेल्श ‘हालेन’. जुना म्हणजे आयरिश ‘शान’ (लेखनात मात्र ‘स’च), वेल्श ‘हेन’. संस्कृत ‘सनातन’मधला ‘सन’ याच मुळातला. ‘स’चा ‘ह’ होण्याचे उदाहरण मराठीतही रोज वापरले जाते. संस्कृत ‘सप्त’चा इराणी भाषांतला भाऊबंद म्हणजे ‘हफ्त’, आणि त्यावरून फारसीमार्गे आलेला आपला ‘हप्ता’.

६/ आता मूळ नावाकडे वळता येईल. वेल्श रूप आहे ‘ग्वेनह्वीवर’. त्यातला ‘ग्वेन’ म्हणजे शुभ्र, गोरी, आणि विस्ताराने पवित्र, धन्य. हा शब्द प्राचीन केल्टिक ‘विन्दोस’पासून आला. व्हिएन्नाचे रोमनकालीन नाव ‘विंदोबोना’ आणि उत्तर इंग्लंडमधल्या रोमन ठाण्याचे नाव ‘विंदोलांदा’ यांतही हाच ‘विन्दो’ आहे. आयरिशमध्ये नियमाप्रमाणे त्याचा ‘फिन्द’ आणि पुढे ‘फिन’ झाला.

७/ नावाचा उत्तरार्ध ‘ह्वीवर’ अधिक गूढ आहे. त्याचे आयरिश जुळे म्हणजे ‘शीवर’, अर्थ छायारूप किंवा परलोकीचे सत्त्व. दोन्ही भाग जोडले की आयरिशमध्ये नाव तयार होते ‘फिन्नावर’. या नावाची एक राजकन्या आयर्लंडच्या ‘ताइन बो कूलन्या’ या महाकथेत प्रत्यक्ष भेटते. म्हणून बहुतेक भाषाभ्यासक ग्वेनह्वीवर आणि फिन्नावर ही एकाच प्राचीन नावाची दोन रूपे मानतात. अर्थ : ‘शुभ्र छाया’.

८/ ‘छाया’ म्हणजे भूतप्रेत नव्हे. केल्टिक कथाविश्वात शुभ्र रंग परलोकाची खूण आहे. वेल्श ‘मॅबिनोगी’च्या पहिल्या कथेत पाताळसदृश अन्नून लोकाच्या राजाची शिकारी कुत्री चकचकीत पांढरी आणि लाल कानांची आहेत, त्या रंगावरूनच ती या जगातली नाहीत हे कळते. त्यामुळे ग्वेनह्वीवर या नावाचा भाव मराठीत सांगायचा, तर ‘भूत’ या शब्दापेक्षा ‘अप्सरा’ हा शब्द जवळचा ठरेल.

९/ बाळांच्या नावांच्या याद्यांत ‘जेनिफर’चा अर्थ पुष्कळदा ‘शुभ्र लाट’ असा छापलेला असतो. वेल्श लोकांनीही एक अर्थ लावला होता. वेल्शमध्ये ‘वौर’ म्हणजे थोरली आणि ‘वाख’ म्हणजे धाकटी. त्यावरून ‘ग्वेनह्वीवर’ ही थोरली आणि तिची बहीण ‘ग्वेनह्वीवाख’ ही धाकटी, अशी जोडी परंपरेत आली. मध्ययुगीन वेल्श त्रिपदींत तर या दोघींमधील एका थपडेमुळे आर्थरची शेवटची कामलानची लढाई झाली असे म्हटले आहे. मूळ अर्थ विसरला गेला की लोक नावातून नवी कथा घडवतात, याचा हा सुरेख नमुना आहे.

१०/ आर्थर हा राजा खरोखर होऊन गेला का, हा स्वतंत्र वाद आहे. नावाच्या इतिहासासाठी महत्त्वाचे ते हे, की सुमारे ११०० च्या ‘कुलहुख आणि ओल्वेन’ या वेल्श कथेत ग्वेनह्वीवर आर्थरची पत्नी म्हणून येते. दारी आलेल्या तरुण नातलगाला आर्थर म्हणतो, की हवे ते माग. अपवाद फक्त आपले जहाज, अंगरखा, तलवार, भाला, ढाल, कट्यार आणि पत्नी ग्वेनह्वीवर यांचा. राजाच्या अदेय वस्तूंच्या यादीत राणीचे नाव शेवटी येते. ती स्वतः मात्र काही बोलत नाही.

११/ आयर्लंडमधल्या फिन्नावरची स्थितीही वेगळी नाही. ‘ताइन’मध्ये तिची आई राणी मेव्ह, कू खुलिन या वीराशी लढायला तयार होणाऱ्या योद्ध्यांना आपल्या मुलीचे आमिष दाखवते. एकामागून एक योद्धे त्या आशेने रणात उतरतात आणि मरतात. एका पाठानुसार हे सत्य बाहेर आल्यावर झालेल्या कत्तलीच्या लज्जेने फिन्नावर प्राण सोडते. दोन बेटांवरच्या दोन कथांत एकाच नावाच्या दोन स्त्रिया इतरांच्या युद्धात पणाला लागतात.

१२/ सुमारे ११३६ मध्ये जेफ्री ऑफ मॉनमथ याने लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहिला. इतिहास म्हणून तो अविश्वसनीय आहे, पण युरोपभर वाचला गेला. त्यात राणीचे नाव ‘ग्वानहुमारा’ आहे. ती रोमन कुळातली, पण वाढलेली कॉर्नवॉलचा सरदार कादोर याच्या घरी. आर्थर परदेशी मोहिमेवर असताना त्याचा भाचा मॉर्ड्रेड राज्य आणि राणी दोन्ही बळकावतो. शेवटी राणी मठात जाऊन जोगीण होते.

१३/ दोषारोपाची खरी सुरुवात फ्रान्समध्ये झाली. ११७० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रेतियाँ द त्रुआ या कवीने शाम्पाञची काउंटेस मारी हिच्या आश्रयाने लॅन्सलॉटची काव्यकथा रचली. राणी ‘ग्वेनियेव्र’ आणि सरदार लॅन्सलॉट यांचे प्रेम प्रथम या काव्यात दिसते. पुढच्या शतकांत या प्रेमाला राज्यनाशाचे कारण ठरवले गेले. टॉमस मॅलरीचा आर्थरग्रंथ विल्यम कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापला, आणि ग्विनिव्हियर म्हणजे पतीला फसवणारी राणी ही प्रतिमा इंग्रजीत पक्की झाली.

१४/ राणीच्या नावाचा उपयोग धर्मपीठानेही करून घेतला. ११८४ मध्ये ग्लास्टनबरीचा मठ आगीत भस्म झाला. पुनर्बांधणीसाठी पैसा हवा होता. ११९१ च्या सुमारास तिथल्या भिक्षूंनी आर्थरची कबर सापडल्याचे जाहीर केले. जेराल्ड ऑफ वेल्स लिहितो, की सोबतच्या शिशाच्या क्रुसावर आर्थरची दुसरी पत्नी ‘वेन्नेवेरिया’ हिचेही नाव होते. कबरीतली सोनेरी केसांची बट एका भिक्षूने उचलली आणि तिची धूळ झाली. बहुतेक इतिहासकार या शोधाला रचलेला प्रसंग मानतात. यात्रेकरूंची गर्दी मात्र खरी होती.

१५/ याच काळात हे नाव युरोपभर वेगवेगळ्या रूपांत पसरले. वेल्समध्ये त्याचे ‘गेनॉर’ हे आटोपशीर रूप झाले. स्कॉटलंडमध्ये ‘वानोरा’ झाले. इटलीत ‘जिनेव्रा’ झाले. लिओनार्दो दा विंचीने १४७० च्या दशकात रंगवलेले जिनेव्रा दे बेंची हिचे चित्र आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. हॅरी पॉटरच्या वाचकांना आणखी एक जिनेव्रा ठाऊक आहे : जिनी वीझली. तिच्या वडिलांचे नाव आर्थर आहे, हे लक्षात घेण्याजोगे.

१६/ आणि ग्रेट ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, नाव झाले ‘जेनिफर’. ‘ग्वेन’मधला ‘व’ गळाला, ‘ग’चा ‘ज’ झाला, ‘ह्वी’ विरघळला. मराठीत ‘कृष्ण’ झिजून ‘कण्ह’ आणि मग ‘कान्हा’ झाला, तसाच हा प्रकार. कॉर्नवॉलमध्ये आर्थरच्या कथा पुस्तकांवर अवलंबून नव्हत्या. १११३ मध्ये, म्हणजे जेफ्रीच्या ग्रंथापूर्वीच, फ्रान्सच्या लाँ येथील धर्मगुरू बॉडमिन गावी आले असता एका स्थानिक माणसाने आर्थर अजून जिवंत असल्याचे सांगितले. पाहुण्यांपैकी एकाने ते खोटे ठरवताच मारामारीची वेळ आली.

१७/ जेनिफर, जेनिफेर, जेनेफर अशी रूपे कॉर्नवॉलमधल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्यांत आढळतात. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवणे १५३८ मध्ये सक्तीचे झाले, म्हणूनच सामान्य स्त्रियांची नावे आज वाचता येतात. या नोंदींतल्या जेनिफर राजघराण्यातल्या नव्हत्या. त्या कोळ्यांच्या, शेतकऱ्यांच्या आणि कथिलाच्या खाणीत राबणाऱ्यांच्या लेकी होत्या.

१८/ पण त्याच काळात त्यांची भाषा मागे हटत होती. १५४९ मध्ये राजाज्ञेने चर्चची उपासना इंग्रजीत करण्यात आली. कॉर्नवॉल आणि डेव्हन पेटून उठले. आमच्यातल्या काहींना इंग्रजी समजत नाही, ही कॉर्निश बंडखोरांच्या लेखी तक्रारींपैकी एक होती. बंड चिरडले गेले, हजारो माणसे मारली गेली. वेल्श भाषेत १५८८ मध्ये संपूर्ण बायबल छापले गेले आणि त्या भाषेला ग्रंथाचा आधार मिळाला. कॉर्निशला तो मिळाला नाही. पिढ्यांमागून पिढ्या ती पश्चिमेकडे, समुद्राकडे सरकत राहिली.

१९/ डिसेंबर १७७७ मध्ये माउझल या कोळीवाड्यातली डॉली पेंट्रीथ ही मासळीविक्रेती वारली. कॉर्निशची शेवटची जन्मजात भाषिक म्हणून तिचे नाव सांगितले जाते. थोडीफार कॉर्निश जाणणारे काही जण तिच्यानंतरही होते, पण नांदती भाषा म्हणून तिचा प्रवास तिथे संपला. १८६० मध्ये पॉल गावच्या चर्चच्या भिंतीत तिचे स्मारक बसवले गेले. ते उभारण्यात पुढाकार होता भाषाभ्यासक लुई ल्युसियाँ बोनापार्त याचा, म्हणजे नेपोलियनच्या पुतण्याचा.

२०/ जेनिफर हे नाव मात्र उरले. येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. महाराष्ट्रात सहसा कोणी मुलीचे नाव कैकेयी ठेवत नाही. कथेतला दोष नावाला चिकटतो. ग्विनिव्हियरचे तेच झाले. १९ व्या शतकाच्या अखेरीस वेल्श विद्वान जॉन ऱ्हिस यांनी नोंदवले, की वेल्सच्या काही भागांत मुलीला ‘ग्वेनह्वीवर’ म्हणणे हा तिच्या चारित्र्यावरचा शिंतोडा मानला जाई. त्याच शतकात, १८५९ मध्ये, कवी टेनिसनने ग्विनिव्हियरला आर्थरच्या पायांशी लोळण घेणारी पश्चात्तापदग्ध राणी म्हणून रंगवले होते.

२१/ कॉर्नवॉलमधल्या जेनिफरवर हा कलंक दिसत नाही. ‘ग्विनिव्हियर’ हे रूप ग्रंथांतले होते, त्यामुळे ग्रंथांतला दोषही त्याने वाहिला. ‘जेनिफर’ हे रूप बोलण्यातून इतके झिजले होते, की त्यात ती राणी सहजी ओळखू येत नव्हती. नाव टिकले ते शुद्ध राहून नव्हे, तर बदलून. ज्याला भाषेचा अपभ्रंश म्हणून नाक मुरडले जाते, त्यानेच या नावाला वाचवले असे म्हणता येते.

२२/ शॉ यांच्या नाटकानंतर नाव कॉर्नवॉलबाहेर रुळू लागले. १९३० ते १९५० च्या दशकांत ब्रिटनमध्ये ते लोकप्रिय झाले. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या मुलींच्या पहिल्या हजार नावांत ते प्रथम दिसले. मग चित्रपट आला. फिलिस आयली या तरुण अभिनेत्रीला निर्माता डेव्हिड सेल्झनिक याने ‘जेनिफर जोन्स’ हे पडद्यावरचे नाव दिले. १९४३ च्या ‘द साँग ऑफ बर्नाडेट’साठी तिला ऑस्कर मिळाले आणि नावाला चकाकी आली.

२३/ ‘लव्ह स्टोरी’ या चित्रपटाच्या नायिकेमुळे हे नाव अमेरिकेत पसरले असे पुष्कळदा सांगितले जाते. तारखा पाहिल्या तर हे पटत नाही. कादंबरी १९७० च्या फेब्रुवारीत आली, चित्रपट त्याच वर्षीच्या डिसेंबरात. आणि जेनिफर १९७० मध्येच पहिल्या क्रमांकावर होते. १९६० च्या दशकभर ते चढत आले होते. चित्रपटाने लाट उभी केली नाही, आलेल्या लाटेवर तो स्वार झाला.

२४/ आणखी एक गैरसमज. ‘जेनी’ हे मुळात जेनिफरचे लाडके रूप नाही. ते ‘जेन’ किंवा ‘जॅनेट’चे होते, आणि ही दोन्ही नावे शेवटी हिब्रू ‘योहानान’कडे जातात. १८ व्या शतकातल्या ‘स्पिनिंग जेनी’ या सूतकताई यंत्राच्या नावाचा जेनिफरशी संबंध जोडता येत नाही. जेनिफर लोकप्रिय झाल्यावर तिने ‘जेनी’ला आपलेसे केले. तसेच फ्रेंच ‘जनव्हिएव्ह’ हे नावही वेगळे. केवळ उच्चारसाम्यामुळे ते एकाच मुळाचे समजले जाते.

२५/ हे नाव इंग्रजीसोबत भारतातही आले. गोवा, वसई आणि मुंबईतल्या ख्रिस्ती कुटुंबांत जेनिफर आज परके वाटत नाही. मुंबईच्या नाट्यरसिकांना तर एक जेनिफर विशेष परिचयाची आहे. शेक्सपिअरची नाटके घेऊन भारतभर फिरणाऱ्या जेफ्री केंडल यांची कन्या जेनिफर केंडल आणि तिचे पती शशी कपूर यांनी १९७८ मध्ये जुहूला पृथ्वी थिएटर उभे केले. मराठी नाटकांचे प्रयोगही तिथे होत आले आहेत.

२६/ आणि कॉर्निश? १९०४ मध्ये हेन्री जेनर यांनी कॉर्निश भाषेची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि पुनरुज्जीवनाला सुरुवात झाली. २००२ मध्ये ब्रिटिश सरकारने प्रादेशिक भाषांच्या युरोपीय सनदेखाली तिला मान्यता दिली. २०१० मध्ये युनेस्कोने ‘मृत’ हा शेरा काढून तिला ‘अत्यंत संकटग्रस्त’ भाषांत स्थान दिले. आज काही मुले पुन्हा ती भाषा घरात ऐकत वाढत आहेत.

२७/ लाखो जेनिफरपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल, की त्यांच्या नावात एका राणीचे नाव, परलोकीची एक शुभ्र छाया आणि एक मावळलेली भाषा आहे. भाषा मरते तेव्हा तिच्यातले सगळेच मरत नाही. पण जे उरते ते आपला अर्थ विसरून उरते. शब्द अर्थासह टिकवायचा, तर तो ज्या भाषेत अर्थपूर्ण असतो ती भाषा बोलणारी माणसे टिकावी लागतात. माउझलच्या कोळीवाड्यात हे १७७७ मध्ये कळून चुकले होते.